नाहीतर

“नाहीतर मग डाएट आहेच.”

डॉक्टर एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता, कॉम्प्युटरवर माझ्या रक्ताचे आकडे भरता भरता. त्याआधीची दहा मिनिटं मात्र ते आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल अगदी मन लावून समजावत होते. दाखवायला ठेवलेलं पेन त्यांनी खणातून काढलं, टोपण उघडून सुई किती बारीक असते ते दाखवलं, पोटावर नेमकं कुठे टोचायचं ते स्वतःच्या शर्टावर बोट ठेवून सांगितलं. सुरुवातीला मळमळतं, बद्धकोष्ठ होतो, पण डोस हळूहळू वाढवत नेला की बरेच जण निभावतात, म्हणाले. मी किंमत विचारली. त्यांनी सांगितली. मी मनातल्या मनात तिला बारानं गुणलं आणि विचारलं, “किती वर्षं घ्यायचं?” यावर ते जरा थांबले. “तसं बघायला गेलं तर... चालूच ठेवायचं असतं.” मग बाराच्या पुढे कशानं गुणायचं ते मला कळेना, आणि तो न सुटलेला गुणाकार बहुधा माझ्या तोंडावर दिसला. कारण त्यांनी पेन खणात परत ठेवलं, खण ढकलला, आणि ते वाक्य म्हटलं. खण बंद झाल्याचा आवाज आणि ‘नाहीतर’ हा शब्द दोन्ही एकदमच कानावर पडले. ते अजून सुटे झालेले नाहीत.

वाईट असं ते काहीच बोलले नव्हते. माणूस भला आहे, माझं वजन बघून कधी भुवई उंचावली नाही त्यांनी. पण घरी येईपर्यंत तो शब्द चपलेत अडकलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. आपल्या भाषेत ‘नाहीतर’ दोन कामं करतो. एक साधं: हे नाहीतर ते. आणि दुसरं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं. अभ्यासाला बस, नाहीतर. मुकाट्यानं झोप, नाहीतर. त्या ‘नाहीतर’च्या पुढे काही बोलावं लागत नाही, धाक पुरतो. डॉक्टरांनी पहिल्या अर्थानं म्हटलेलं मी दुसऱ्या अर्थानं ऐकलं. पैसे असतील तर औषध, नाहीतर डाएट. म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांनी भोगायची गोष्ट.

डाएटशी माझी ओळख जुनी. नुसतं सूप पिऊन काढलेला एक आठवडा आहे, भात बंद केलेलं एक वर्ष आहे, दिवसाचे आठच तास तोंड उघडायचं असे चार महिने आहेत. फ्रीजवर चुंबकानं लावलेले तक्ते आहेत, त्यांवर ‘सकाळ: ४ बदाम’ असं लिहिलेलं. चार. तीन का नाहीत आणि पाच का नाहीत हे मी कधी कुणाला विचारलं नाही. एकंदर हिशेब केला तर गेल्या पंचवीस वर्षांत मी स्वतःएवढं एक अख्खं माणूस तरी घटवलं असेल. ते माणूस दर वेळी परत आलं, आणि येताना सोबत थोडं सामान घेऊन आलं.

ताईचं इंजेक्शन तेव्हा चालू होऊन चार महिने झाले होते. तिला मधुमेह आहे, आणि औषधाचा बराचसा खर्च तिचा विमा देत होता. त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. दोघी चहाला बसलो. गप्पा मारता मारता माझं लक्ष तिच्या बशीकडे गेलं आणि तिथंच अडकलं. बशीत अर्धं बिस्किट होतं. खाऊन झालं होतं तिचं, आणि अर्धं बिस्किट तसंच उरलं होतं. आमच्या घरात मी अर्धं बिस्किट कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडे बिस्किट एक तर डब्यात असतं नाहीतर पोटात, मधली अवस्था आम्हाला ठाऊक नाही. लहानपणी आई ताटं उचलताना उभ्या उभ्याच उरलंसुरलं तोंडात टाकायची, ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणत. तोच वसा आम्ही दोघींनी इमानेइतबारे चालवला होता. आणि आता हे अर्धं बिस्किट, कडेला दातांची महिरप, चहाची वाफ लागून जरासं मऊ पडलेलं. मी विचारलं, “खाणार नाहीस?” तिनं बशीकडे असं बघितलं की जणू ते तिथे आहे हेच ती विसरली होती.

“आवाज बंद झालाय गं,” ती म्हणाली.

कसला आवाज हे मला विचारावं लागलं नाही. तो माझ्याही डोक्यात आहे. सकाळी दात घासताना सुरू होतो: नाश्त्याला काय आहे. नाश्ता करताना: दुपारी काय. मीटिंगमध्ये कुणीतरी महत्त्वाचं बोलत असताना: कालचा केक फ्रीजमध्ये आहे का, की संपवला कुणी. हल्ली त्याला फूड नॉइज म्हणतात. आजवर मला वाटायचं की तो सगळ्यांच्याच डोक्यात असतो आणि सडपातळ माणसं मनानं खंबीर असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करतात. ताई म्हणाली, “अगं, घरातला पंखा बंद झाला की कळतं ना, इतका वेळ तो घरघरत होता ते? तसं झालं. मी पहिल्याच आठवड्यात रडले. म्हटलं, बाकीचे लोक जन्मभर असे जगतात?” मी तिचा हात धरला, खरंच बरं वाटलं तिच्यासाठी. आणि त्याच क्षणी मला तिचा इतका हेवा वाटला की घसा कोरडा पडला. बशीतलं ते अर्धं बिस्किट शेवटी मी खाल्लं.

मग रात्री जागून वाचत बसायचं व्यसन लागलं. कळलं ते असं: आपण जेवतो तेव्हा आतड्याच्या शेवटाकडच्या भागातल्या काही पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, जठराला ‘सावकाश रिकामं हो’ म्हणतं, आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणतं. पण शरीरात त्याचा निरोप टिकतो दोनेक मिनिटं. एक विकर लगेच त्याचे तुकडे करतं. या औषधाची सगळी करामत म्हणजे तोच निरोप न पुसला जाईल असा लिहिणं. अशा इंजेक्शनांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकच टोचणी. आणि या घराण्यातल्या पहिल्या औषधाचा मूळ रेणू सापडला तो गिला मॉन्स्टर नावाच्या वाळवंटी सरड्याच्या विषात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. जॉन एंग हा संशोधक त्याच्या मागे लागला होता, आणि त्यातून २००५ मध्ये मधुमेहाचं औषध आलं. हा सरडा वर्षात मोजकेच वेळा पोटभर खातो आणि शेपटीत चरबी साठवून बाकीचे दिवस काढतो. मी त्याचा फोटो बराच वेळ पाहत बसले. जाडजूड, मणी ओवल्यासारखी कातडी, संथ. माझ्यासारखाच दिसत होता, फक्त समाधानी.

त्याच वाचनात तो आकडाही भेटला. सेमाग्लुटाइडची २०२१ साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी, जवळजवळ दोन हजार माणसं, ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. इथपर्यंत मी ‘हं’ म्हणत वाचलं. पुढच्या ओळीवर थांबले. कमी कॅलरींचा आहार, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि नियमित समुपदेशन हे दोन्ही गटांना दिलेलं होतं. म्हणजे तो दुसरा गट नुसताच खोटं इंजेक्शन टोचून घेत नव्हता, तो डाएट करत होता. सव्वा वर्ष. मन लावून. आणि हाती आले २.४ टक्के. म्हणजे ‘नाहीतर’च्या पलीकडे जे होतं ते हे. रात्रीचे दोन वाजले होते. मी लॅपटॉप मिटला, उठले, आणि स्वयंपाकघरात जाऊन जे दिसलं ते खाल्लं.

दुसऱ्या बाजूचंही वाचलं, खोटं कशाला बोलू. औषध थांबवल्यावर त्याच चाचणीतल्या काही लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं, तर उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत चढलं होतं. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, हेही आलं. यावर ‘बघा, औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब वाढतो, म्हणून कुणी गोळीला नावं ठेवत नाही. शिवाय डाएट थांबवल्यावर काय होतं याची मी स्वतःच पंचवीस वर्षांची चाचणी आहे.

मला झोपेतून उठवणारी गोष्ट मात्र त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली ही मुलं, स्वतःहून आलेली. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी म्हणजे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी. हे वाचून मी फ्रीजवरचा जुना तक्ता काढून पाहिला. त्यावर १,२०० होतं. त्या मुलांचं वजन जवळजवळ पाव भाग उतरलं, पण मला लागून राहिलं ते वेगळंच. ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. ताटं चाटायची. एकेक जेवण तासभर घोळवायची, पाणी घालून वाढवायची. खाण्यापलीकडे कशातच त्यांचं मन रमेना. त्या पोरांना आधी असलं काही नव्हतं. आवाज भुकेनं आणून बसवला होता. आणि मी वयाच्या बाविसाव्या वर्षापासून दर दीडदोन वर्षांनी स्वतःला अर्धपोटी ठेवत आलेय, आणि वर विचारतेय की हा आवाज माझ्या डोक्यात आला कुठून.

तो तक्ता मी फाडला नाही. उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: कमी खायचं नाही.

हे लिहिताना मला स्वतःचंच हसू आलं होतं. पण त्या एका ओळीनं मला निदान ‘काय सोडू’ या प्रश्नातून बाहेर काढलं. केव्हिन हॉल या संशोधकाचा २०१९चा प्रयोग तेव्हा डोक्यात घोळत होता. त्यानं वीस माणसांना महिनाभर रुग्णालयातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे घरच्यासारखं शिजवलेलं. दोन्हीकडे पुढ्यात येणाऱ्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं माप सारखं ठेवलेलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पाकिटातलं खाताना ती माणसं दिवसाला पाचशेएक कॅलरी जास्त खात होती. कुणी हावरट नव्हतं, कुणाची इच्छाशक्ती दर पंधरवड्याला बदलत नव्हती. माणसं तीच, ताट तेवढं बदललं होतं. मला हे वाचून पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला बदलायच्या मागे होते. ताट बदलणं त्यामानानं फारच सोपं, निदान तेव्हा तरी तसं वाटलं.

तर मी सुरुवात केली ती कडधान्यांपासून. रोज रात्री एक वाटी भिजत घालायची. सकाळी त्यांचं पोट फुगलेलं, पाण्यावर फेसाची साय, आणि मातीचा एक ओलसर वास. तंतू आणि प्रथिनं एकाच दाण्यात, शिवाय चावावं लागतं, हे त्यांचं खरं भांडवल. गिळून टाकता येत नाही अशा अन्नाला मेंदूकडे निरोप पोचेपर्यंत वेळ मिळतो. पहिले दहा दिवस पोटानं इतका गोंधळ घातला की नवरा रात्री हॉलमध्ये झोपायला गेला, हा तपशील कुठल्याच आहारतज्ज्ञाच्या लेखात येत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. मग आतल्या जंतूंची आणि त्यांची ओळख पटली असावी. जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि प्रथिनं, भात शेवटी, एवढा क्रम बदलला. याने साखर झपकन चढत नाही. गोड पेयं घरात आणणं बंद केलं. पिणं नव्हे, आणणं. बिस्किटांचा डबा माळ्यावर ठेवला आणि शिडी गॅलरीत. रात्री अकराला शिडी आणून, चढून, डबा काढून बिस्किट खाण्याइतकी तळमळ असेल तर खुशाल खावं असा नियम केला. तीनदा खाल्लं. तिसऱ्या वेळी शिडीवरच बसून खाल्लं, आणि ते बिस्किट मी आजवर खाल्लेल्या सगळ्या बिस्किटांत चविष्ट होतं.

ही सगळी ‘फुकट’ गोष्ट आहे असं लोक म्हणतात तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. औषधाला छापील किंमत असते, ती बघून माणूस दचकतो तरी. आहाराची किंमत कुठे छापलेली नसते. मी एकदा घड्याळ लावलं. धुणं, निवडणं, सोलणं, चिरणं, शिजवणं, आणि मग त्या भांड्यांचा ढीग. पाकीट फोडून गरम करण्यापेक्षा दिवसाला सव्वा तास जास्त. आठवड्याचे पावणेनऊ तास, म्हणजे नोकरीतला एक अख्खा दिवस. हा दिवस कुणाच्या खात्यातून जातो? माझ्या घरात माझ्याच. नवरा मदत करतो, पण मदत करतो म्हणजे काय, ‘काय चिरू’ असं विचारतो. काय चिरायचं हे ठरवणारं डोकं माझंच. बरं, मला निदान दारं असलेलं स्वयंपाकघर आहे, फ्रीज आहे, संध्याकाळी सहाला घरी येता येतं. दोन पाळ्या करून भाड्याच्या खोलीत एका शेगडीवर शिजवणाऱ्या बाईला कुणी ‘नाहीतर डाएट आहेच’ म्हणालं, तर तो पर्याय तिलाही इंजेक्शनाइतकाच महाग. फक्त तिला तसं म्हणायची सोय नाही. म्हटलं तर आळशी ठरेल.

यावरून आठवलं. आहार औषधाला हरवू शकतो, याचा एक भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर केलेला अभ्यास, २००२चा. आहार आणि चालण्या-फिरण्यात बदल केलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. हा आकडा सगळे छातीठोकपणे सांगतात, मीही ताईला सांगितलाय. सांगत नाहीत ते हे की त्या आहारवाल्या गटातल्या प्रत्येकाला एकेक मार्गदर्शक होता, त्याच्यासमोर बसून घ्यायचे सोळा धडे होते, वजन बघायला, अडलं तर वाट काढून द्यायला कुणीतरी होतं. गोळीपेक्षा सरस ठरलं ते हे असं, माणसांनी धरून ठेवलेलं डाएट. खण बंद करता करता टाकलेलं वाक्य नव्हे.

अकरा महिन्यांत माझं वजन ९२ किलोवरून साडेचौऱ्याऐंशी झालं. आठ टक्के. आठव्या महिन्यापासून काटा तिथेच आहे, रोज सकाळी त्याच आकड्यावर येऊन मान हलवतो. शरीराला उतरलेलं वजन म्हणजे चोरी वाटते. भुकेची संप्रेरकं वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही चढलेलीच राहतात, हे मोजून दाखवलेलं आहे. गुडघे कुरकुरत नाहीत हे खरं, जिन्याच्या मधल्या वळणावर मोबाइल बघायचं निमित्त करून थांबावं लागत नाही हेही खरं. साखर खाली आली. आवाज? तो आहे. पण शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा झालाय. कधी ऐकू येतो, कधी नाही, भिंतीपलीकडे असतो एवढं नक्की. ताईचं त्याच काळात सोळा किलो उतरलं, माझ्या दुपटीहून जास्त. आणि गंमत बघा, आम्ही दोघी एका समारंभात गेलो तर लोक माझं कौतुक करत होते. “औषधाबिषधाशिवाय! याला म्हणतात जिद्द.” ताई शेजारी उभी होती. तिच्याबद्दल मागून कुणीतरी ‘शॉर्टकट’ असं कुजबुजलं, ते आम्हा दोघींना ऐकू गेलं. त्या कौतुकानं माझी मान ताठ झाली, हे कबूल करायला हवं. दोन मिनिटं झाली असेल. जीएलपी-१ एवढीच. मग ताईच्या हातातल्या ताटाकडे लक्ष गेलं, आणि ते ताट ती सगळ्यांपासून जरासं लपवून धरत होती.

मला जिद्द नाही. आहे ती माळ्यावरची बिस्किटं आणि गॅलरीतली शिडी. आणि नशिबाचा एक भाग. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला, २०१८ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांची सरासरी जवळपास सारखीच, सव्वापाच ते सहा किलो. पण त्या सरासरीच्या पोटात काय दडलं होतं? एकाच सल्ल्यावर कुणाचं तीसेक किलो उतरलं, कुणाचं उलट वाढलं. ज्यांचं वाढलं त्यांनी कमी प्रयत्न केले असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण आयुष्यातली दहा वर्षं मी त्यांच्यातच होते.

परवा डॉक्टरांकडे गेले होते. नवे आकडे बघून ते मनापासून खूश झाले. खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड करून बसले, या वेळी. “बघा! म्हटलं नव्हतं मी?” काय म्हटलं होतं हे त्यांच्या लक्षात असेल असं वाटत नाही. मला सांगायचं होतं की तुमच्या त्या वाक्यानं मी अकरा महिने जळत होते, आणि कदाचित त्या जळण्यावरच कडधान्यं शिजली. सांगायचं होतं की पुढच्या माणसाला ते वाक्य म्हणताना दोन मिनिटं जास्त द्या. यातलं काहीच बोलले नाही. हसले. नाही म्हटलं तरी पाठीवरची थाप कुणाला नको असते. मग विचारलं, “आणि हे परत चढायला लागलं तर?” त्यांची नजर क्षणभर खणाकडे गेली. “तेव्हा बघू,” म्हणाले. मला ते उत्तर आवडलं. त्यात ‘नाहीतर’ नव्हतं.

त्याच रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. विम्यानं दोन महिन्यांपूर्वी औषधाचा खर्च द्यायचं बंद केलं, हे मला माहीत होतं. साखरेसाठी तिच्या डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्याही माहीत होत्या. एवढ्या उशिरा ती फोन करत नाही. मी उचलला तर आधी काही बोललीच नाही. मागे बारीक पीं, पीं, पीं असा आवाज येत होता.

“परत आला गं,” ती म्हणाली.

मी ओट्याशी उभी होते, वाटी भिजत घालायची राहिली होती. “काय खाल्लंस?” असं विचारणार होते, नाही विचारलं. “तू कसं करतेस ते सांग ना,” ती म्हणाली. “तुझं ते कडधान्यांचं. मी करीन. आता तेच करायला हवं ना, नाहीतर—” आणि थांबली. मी तिला काय सांगणार होते? सव्वा तास? सोळा धडे? २.४ टक्के? माझ्या जिभेवर आठ-दहा शहाणी वाक्यं आली होती, ती एकेक करून गिळली. गिळताना कळलं की ती मी गेले अकरा महिने तिच्यासाठी तयार करून ठेवली होती.

“कुठे आहेस?” मी विचारलं.

“फ्रीजसमोर. दार उघडून उभी आहे मघापासून. काय बघतेय कुणास ठाऊक.”

“थंडी वाजेल. स्टूल ओढून बस जरा. मी आहे.”

स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि राजमा मोजायला घेतला. एक वाटी माझी. मग जरा विचार करून दुसरी, उद्या सकाळी डब्यातून तिच्याकडे न्यायला. दाणे पातेल्यात पडताना पावसासारखे वाजले, तर ती म्हणाली, “काय करतेयस?” मी सांगितलं. मग आम्ही आईबद्दल बोललो, ताटं उचलताना ती उभ्या उभ्या खायची त्याबद्दल. तिच्या डोक्यात काय चालू असायचं हे आपण कधी विचारलं नाही, असं ताई म्हणाली. पाणी घातलं, झाकण ठेवलं. पलीकडचं पीं, पीं चालूच होतं, आम्ही त्याच्यावरून बोलत होतो. मग कधीतरी ते थांबलं. तिनं दार नुसतंच लावलं की आधी काही काढून घेतलं, ते मी विचारलं नाही.